मूल शाळेत कोणासाठी जाते?



तुम्ही आता वाचायला शिकलात. पहिल्या दिवशी वर्गाला का आलात, ते जरा आठवा. कोणी शेजारीण आली म्हणून आली. कोणाला नातवासमोर अंगठा उठवायची लाज वाटली. नुसत्या अक्षरांसाठी किती जण आले? माणूस माणसांसाठी शिकतो. मुलांचेही तसेच आहे.

माझीच चूक सांगतो. १९९४ साल होते. चौथीत एक मुलगा होता. हिशेबात हुशार, पण वाचताना अडखळायचा. पोरे हसायची. मी त्याला एकटा भिंतीजवळ बसवला. म्हटले, लक्ष लागेल. झाले उलटेच! पोरगा शाळेत येईना. गुरे घेऊन माळावर जाऊ लागला. बापाने मारले, तरी येईना.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. विचारले, "का रे बाबा?"

तो म्हणाला, "गुरुजी, तिथं माझ्यासंगं कुणी बोलतच नाही."

मी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी त्याला दोन मुलांच्या मध्ये बसवले. त्याने त्यांना हिशेब शिकवायचे. त्यांनी त्याला वाचायला मदत करायची. वर्ष संपेपर्यंत तो धडा घडाघडा वाचू लागला. आपली कोणाला तरी गरज आहे, हे त्याला कळले होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे काम पाहा. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, कष्ट करून शिकत. पैसा संपला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्यासाठी कोणी एवढे झिजते, हे पाहिले की मुलाला शिकायचा हुरूप येतो.

पण एक ध्यानात ठेवा. सोबत तारते, तशी बुडवतेही. सोबती शाळा चुकवणारे असले, तर आपले मूलही चुकवते. म्हणून त्याचे सोबती कोण आहेत, ते ओळखा. त्यांना घरी बोलवा. चार पोरे एका दिव्याखाली अभ्यासाला बसू द्या.

आणखी एक. "शेजारच्याला बघ, किती मार्क पडले!" असे मुलाला टोचू नका. अशाने मूल शेजारच्याचा दावा धरते, पुस्तकाचा नाद धरत नाही. त्यापेक्षा त्याला घरात मान द्या. बियाण्याच्या पिशवीवरचे त्याच्याकडून वाचून घ्या. दुधाचा हिशेब मुलीला करू द्या. आपले शिकणे घराच्या उपयोगी पडते, हे त्यांना दिसू द्या.

आज रात्री जेवताना किती मार्क पडले, ते विचारू नका. एवढेच विचारा: "बाळा, आज तू कोणाशेजारी बसलास? कोणाला काय शिकवलेस?"

आणि मूल बोलू लागले की हातातला घास थांबवून ऐका.