कोणते तारापूर?



पारितोषिकांकडे लागलेले तुमचे डोळे मला येथून स्पष्ट दिसत असल्यामुळे, प्रमुख पाहुण्याने उपदेशाचा जो मामुली नजराणा आणावयाचा असतो तो मी आणलेला नाही; तुमच्या खिशात अहोरात्र वसणाऱ्या शोधयंत्राविषयी तेवढे बोलतो.

त्या यंत्राला ‘तारापूर’ एवढेच विचारले, तर १९६९ पासून वीज देणाऱ्या आपल्या पालघर जिल्ह्यातील अणुविद्युत केंद्राच्या पंक्तीला ते बिहारमधील मुंगेर आणि गुजरातमधील आणंद जिल्ह्यातली तारापुरेही आणून बसवील. ‘तारापूरचे हुतात्मे’ म्हणाल, तर १५ फेब्रुवारी १९३२ चा बिहारमधील गोळीबार पुढे येण्याचा संभव अधिक. १४ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्या पालघरात धारातीर्थी पडलेल्या पाच वीरांसाठी मात्र गाव आणि साल दोन्ही सांगावी लागतात. सलग शब्द अवतरणचिन्हांत ठेवावेत, नको त्या शब्दाला उणे चिन्ह चिकटवावे, ही कवायत अर्ध्या तासात येते. तिच्यावर मी वेळ घालवीत नाही.

खरी अडचण जुन्या दप्तरात शिरताना येते. यंत्र त्या घटकेस जग धुंडाळीत नसून आधी करून ठेवलेल्या सूचीत पाहते, आणि सूचीत असतो तो कागदावरचा शब्द. आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत ‘पालघर जिल्हा’ शोधणारा रिक्तहस्ते परतला, तर तो यंत्राचा कसूर नव्हे. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड काढावा, तर ठाण्याचे इंग्रजीत ‘ठाणा’ झालेले, वसईचे ‘बसीन’, आणि पालघरच्या आसपासचा हा मुलूख ‘माहीम’ तालुक्याखाली नोंदलेला! हे माहीम केळव्याशेजारचे, मुंबईतले नव्हे, एवढा विवेक घरातल्या आजोबांपाशी असतो. यंत्रापाशी असेलच असे नाही. किंबहुना त्या काळच्या कारकुनाने ही बाब कोणत्या नावाने दाखल केली असेल, या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी मिळविले, त्याचा निम्मा शोध तेथेच संपला असे मी समजतो.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी आपल्या गावाचा इतिहास लिहावयास घेतला असेल, तर त्याने भ्रमणध्वनीला हात लावण्यापूर्वी गावाची जुनी नावे, तालुक्याची जुनी नावे आणि साहेबांनी केलेली त्यांची इंग्रजी रूपे अशी एक यादी वडीलधाऱ्यांना व ग्रंथपालांना विचारून तयार करावी, आणि मग एकेक नाव यंत्राला घालीत जावे.