नानांची पद्मिनी

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात सभासदांनी दिलेल्या व्याख्यानांपैकी एक. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



या मालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरचे सोलर पॅनेल झाले. माझा विषय जुन्या मोटारीचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. हसायला हरकत नाही. अकरा नंबरच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली काय आहे, हा प्रश्न आपल्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळच्या विषयां'मध्ये तीनदा येऊन गेलेला आहे. एका काकांनी तर मला जिन्यातच विचारलं होतं, "मॅडम, ही गाडी इथं नेमकं काय करायलीय?" त्याचं उत्तर आज सविस्तर देते.

ती गाडी म्हणजे १९७४ची प्रीमियर पद्मिनी. माझे वडील, नाना, लातूरला डॉक्टर होते. गाडीच्या जुन्या नोंदणी पुस्तकावर पत्ता आहे 'ता. लातूर, जि. उस्मानाबाद', कारण लातूर जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२मध्ये. म्हणजे आमची गाडी लातूर जिल्ह्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे.

आपल्याकडे हिला सगळे फियाटच म्हणायचे. मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची, ११०० नावाची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. फियाटबरोबरचा करार संपल्यावर त्याच गाडीचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं एंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आज आपल्या मुलांच्या काही मोटारसायकलींची ताकद याहून जास्त असते. पण तेव्हा ही गाडी मिळायला बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १९६४ साली फियाट घेतली ती बारा हजारांची, त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढून. ते गेल्यावर ललिताबाईंनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात अजून जपलेली आहे. मोटार ही तेव्हा अशी वस्तू होती. एकदा घेतली की ती घरातली माणूस.

नाना गेले, लातूरचं घर विकलं गेलं, दादा पुण्याला. २०१७ साली गाडी टोइंगवर घालून लोहा-अहमदपूरच्या रस्त्यानं नांदेडला माझ्याकडे आली. चारी टायर बसलेले, नोंदणीची मुदत संपलेली आणि मालक कागदोपत्री हयात नसलेले. २०२१मध्ये समितीची नोटीस आली: तीन महिन्यांत गाडी चालू करा किंवा हलवा. नोटीस रास्तच होती. पार्किंगची जागा कमी आणि गाड्या जास्त, हे आपण सगळेच रोज बघतो.

घरात तीन मतं पडली. दादा म्हणाला, भंगारात द्या आणि नानांचा फोटो हॉलमध्ये आहेच. माझा मुलगा म्हणाला, आई, गाडी ठेवू या, पण आतून नवीन करू. एखाद्या नव्या गाडीचं एंजिन, एसी, पॉवर स्टिअरिंग, खाली जमिनीवरचा गिअर, अलॉय व्हील. बाहेरून पद्मिनी, आतून झकास. आणि तिसरं मत देगलूर नाक्याकडच्या चाचांचं. चाळीस वर्षं ते फक्त फियाट आणि अँबेसिडर करत आलेले. त्यांनी बॉनेट उघडलं, कुठं कुठं हात लावून वास घेतला आणि म्हणाले, "बाई, इंजन जिंदा है. इसको काटो नक्को."

मुलाचा विचार चुकीचा नव्हता. उन्हाळ्यात नांदेडचा पारा त्रेचाळीसवर जातो, तेव्हा बिनएसीच्या गाडीत बसून बघा. पण दोन अडचणी होत्या. पहिली कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कारखान्यानं नोंदवलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. दुसऱ्या जातीचं एंजिन बसवलं असतं तर गाडी पुस्तकाशी जुळली नसती.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या खाली दांड्याला असतो. तो जमिनीवर घेतला की मध्ये दांडा उभा राहतो आणि पुढचा सलग बाक जातो. आमच्या गाडीत पुढं तिघं बसायचे: नाना, कंपाउंडर काका आणि मध्ये मी, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. एक गोष्ट बदलली की तिला धरून असलेली दुसरी जाते, मग तिसरी. शेवटी पत्रा तेवढा जुना उरतो. तो तर मग शोकेसमध्येही ठेवता येईल.

म्हणून आम्ही एक साधा नियम ठरवला. जे उद्या काढून पुन्हा पूर्वीसारखं करता येईल, ते बदलायला हरकत नाही. ज्याच्यासाठी पत्रा कापावा लागेल, भोक पाडावं लागेल, ते नाही. या नियमानं घरातली निम्मी भांडणं मिटली. उरलेल्या निम्म्यांकडे नंतर येते.

आता बंद गाडी जागी कशी करतात ते सांगते, कारण इथं दोघातिघांच्या गावाकडं अशा गाड्या गोठ्यात उभ्या आहेत हे मला ठाऊक आहे. नवी बॅटरी लावायची आणि चावी फिरवायची, हे अजिबात करू नका. वर्षानुवर्षं थांबलेल्या एंजिनमध्ये पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते, बोअरवर चरे पडतात, आणि जे काम दोन हजारांत झालं असतं ते चाळीस हजारांवर जातं. चाचांनी चारी प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि पाच दिवस गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. सहाव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हातानं पुढं-मागं हलवली. आधी काहीच नाही. मग एकदम 'चुक' असा आवाज आला आणि पंखा बोटभर फिरला. चाचा तिथंच खाली बसले आणि चहा मागवला. मी शाळेत तीस वर्षं घर्षण शिकवलं, पण घर्षण सुटताना ऐकलं ते त्या दिवशी.

पेट्रोलच्या टाकीतून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणवत नाही, गुळाच्या पाकासारखा चिकट डिंक होता. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर उकलून साफ केला. एंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते टाकीवर नाही, वर टांगलेल्या बाटलीतून नळीनं पेट्रोल देऊन. पण सुरू होणारी गाडी नंतरची, थांबणारी गाडी आधीची. ब्रेकच्या सिलिंडरमधले सगळे रबर, सगळ्या नळ्या आणि ब्रेक ऑइल नवीन घातलं. टायरवर नक्षी शाबूत होती तरी चारी टायर बदलले, कारण रबर वयानं मरतं, चालण्यानं नाही. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, ते नवीन केलं, पण जुन्याच रंगांच्या तारा घेऊन, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला कळेल.

पेट्रोलबद्दल एक सांगायचं राहिलं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच मांजरा पट्ट्यातल्या उसाचं असेल, त्याचा अभिमान आहेच. पण १९७४च्या रबराला ते झेपत नाही, फुगतं आणि भेगा पडतात. म्हणून पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घातला. दिसायला तोच, आतून नवा. मुलाला म्हटलं, घे, एवढं तुझ्या मनासारखं केलं.

सुटे भाग ही खरी कसोटी. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. इतकी वर्षं भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून बंद झाली. टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर कुर्ल्यात नि चोरबाजारात काहीही मिळायचं. आम्हाला किंगपिनचा संच मुंबईहून मिळाला, मागचे दिवे हैदराबादच्या जुन्या बाजारातून. गिअरच्या दांड्याचे बुश मात्र कुठंच चांगले मिळेनात, ते इथल्या लेथवाल्याकडून पितळेचे कातून घेतले. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर भाग आत्ताच जमवून ठेवा.

गंज किती होता, विचारू नका. गंजगोलाईजवळ वाढलेली गाडी, तिला गंज लागणारच, असं हे म्हणायचे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हातानं तुटत होता. तेवढा तुकडा कापून नवा जोडला. ही नियमाला एकच सूट, आणि ती कुजलेल्या पत्र्यापुरती. आधी एका गॅरेजवाल्यानं त्यावर नुसती लांबी भरून रंग मारून दाखवला होता. वरून आरसा, खाली चाळणी. पैसे देऊन गाडी परत आणली, त्याचं नाव घेत नाही.

आता उरलेल्या भांडणाबद्दल. मागच्या डाव्या दाराला एक पोचा आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक झोपले होते. नाना उजाडताच औसा-लामजना मार्गे निघाले, गाडीत सलाइन आणि पट्ट्या. पुढचे कितीतरी दिवस त्या गाडीनं जखमींना लातूरला आणलं. मागचं दार उघडं ठेवून माणसांना आडवं घालायचे, तेव्हा कुणाच्या तरी बाजेचा पाय दारावर आदळला. १९९६ला गाडीला रंग दिला तेव्हा नानांनी सगळे पोचे काढायला लावले, हा सोडून. का, ते बोलले नाहीत. आम्ही विचारलंही नाही.

गाडी माझ्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि इतर वारसांची ना-हरकत. दादा सही करायला तयार होता, पण त्याचं म्हणणं असं की दार सरळ करून घे. त्याचा मुद्दा बिनतोड होता: "तू मूळ, मूळ म्हणतेस ना? मूळ म्हणजे कुर्ल्याहून आली तशी. हा पोचा कुर्ल्यातला नाही." आणि खरंच, रंगाच्या बाबतीत मी तेच केलं होतं. दाराच्या रबर बीडिंगखाली कारखान्याचा फिकट राखाडी-निळा रंग निघाला, तोच सगळ्या गाडीला दिला, नानांनी दिलेला पांढरा घालवला. मग पोचा का ठेवायचा? तर्कानं मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. मी एवढंच म्हटलं, पांढरा रंग स्वस्त होता म्हणून नानांनी दिला होता. पोचा त्यांनी पैसे मोजून ठेवला होता, कारण रंगारी तो काढायलाच निघाला होता. दादा फोनवर बराच वेळ गप्प बसला. पंधरा दिवसांनी सही केलेले कागद कुरिअरनं आले. सोबत नानांच्या गाडीची दुसरी चावी, जी हरवली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

२०२३मध्ये तपासणी होऊन नोंदणीचं नूतनीकरण झालं. पूर्वी सहाशेत व्हायचं, एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला पाच हजार झाले होते, शिवाय पर्यावरण कर वेगळा. यंदा नवी सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागली. लातूरच्या पेंटरनं हातानं रंगवलेली जुनी पाटी आमच्या हॉलमध्ये आहे, नानांच्या फोटोखाली.

परवाच एकानं सुचवलं की गाडी पन्नाशी ओलांडली, आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. २०२१च्या नियमानं तशी सोय आहे: वीस हजार भरले की दहा वर्षांची नोंदणी, 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर. मानाची गोष्ट आहे. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेण्यापुरतीच. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर येते आणि सगळं शहर बघायला लोटतं, ते तिला शोभतं. आमची डॉक्टरची गाडी. ती किराणा आणायला गेली पाहिजे. म्हणून आम्ही साधीच नोंदणी ठेवली आहे. नाहीतर गेल्या माघात भाचीच्या लग्नाला लातूरला गेलो, तसं जाता आलं नसतं. एकशे चाळीस किलोमीटर, चाकूरच्या अलीकडं चढावर एकदा दम लागला. पंपातलं पेट्रोल तापून वाफ झाली की असं होतं, वाफ पंपाला ढकलता येत नाही. नाना करायचे तेच केलं: ओला फडका पंपावर, दहा मिनिटं आणि एक उसाचा रस.

स्पीडोमीटरची केबल अजून मिळालेली नाही, त्यामुळं काटा शून्यावरच असतो. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा. गाडी आत्ता खाली, अकरा नंबरलाच उभी आहे, ताडपत्री काढून ठेवलीय. मुलांना आत बसू द्या, हॉर्नही वाजवू द्या. फक्त दार जोरात आपटू नका, कडी जुनी आहे.