पोटातली पाण्याची गाठ आणि सोनोग्राफीची तपासणी



ज्यांच्या दारात शेळ्या-मेंढ्या आहेत आणि राखणीला कुत्रा आहे, त्यांनी आजचे बोलणे जरा नीट ऐकावे. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, जेवण थोडे झाले तरी पोट भरल्यासारखे होते, कधी हाताला गोळा लागतो. माणूस म्हणतो, पित्त असेल. एखाद्याला खोकल्यातून रक्त पडते आणि घरचे क्षयाच्या भीतीने गप्प बसतात. अशा काही थोड्या रोग्यांत मूळ कारण निराळेच निघते. त्याला हायडॅटिड गाठ म्हणतात.

हा एक चपटा जंत. लांबी जेमतेम तिळापेक्षा थोडी जास्त, आणि राहतो कुत्र्याच्या आतड्यात. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. चाऱ्यावर, भाजीवर, पाण्यात जातात, कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. मेंढीने ती खाल्ली की तिच्या यकृतात, म्हणजे आपण कलेजी म्हणतो त्यात, पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात. ती कलेजी कच्ची कुत्र्यापुढे टाकली की फेरा पुरा झाला. माणूस मध्येच सापडतो, न धुतलेल्या हाताने किंवा भाजीने. रोग्यापासून दुसऱ्याला मात्र हा रोग होत नाही, तेव्हा त्याचे ताट वेगळे करू नका.

गाठ फार हळू वाढते. पाच-दहा वर्षे कळतही नाही. मग डॉक्टरांना ती दिसते कशी?

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. छातीच्या क्ष-किरण फोटोत फुप्फुसातली गाठ गोल, स्वच्छ कडेच्या सावलीसारखी दिसते. ती फुटली असेल तर आतला पापुद्रा पाण्यावर तरंगताना दिसतो. डॉक्टर लोक त्याला तळ्यातल्या कमळाची उपमा देतात. पोटासाठी मात्र सोनोग्राफी चांगली. तीत किरण नसतात, कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात आणि त्याच्या पडसादावरून चित्र उमटते. दुखत नाही, भूल लागत नाही. पुष्कळ पुरुष मंडळींना वाटते, सोनोग्राफी म्हणजे गरोदर बायकांचे काम. तसे नाही. मोठ्या गाठीत लहान गाठी असल्या तर चित्र मधाच्या पोळ्यासारखे दिसते आणि जाणत्या डॉक्टरांना खूण पटते. गाठ अडचणीच्या जागी असेल तर सीटी स्कॅन सांगतात.

पण एक ध्यानात ठेवा. सुरुवातीला ही गाठ साध्या पाण्याच्या गाठीसारखीच दिसते. म्हणून ‘आमच्याकडे कुत्रा आहे, मेंढ्या आहेत’ हे आपणहून सांगावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही. नुसत्या फोटोपेक्षा या एका वाक्याने डॉक्टरांचे काम सोपे होते.

हे ओळखणे इतके महत्त्वाचे का? तर ही गाठ गळू समजून कोणी सुई घातली, पोट जोरात चोळले, किंवा बैलाची लाथ बसली, तर ती फुटू शकते. आतले पाणी पोटात सांडले की अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब एकदम उतरतो, जीवही जातो. वाचला तरी सांडलेल्या पाण्यातून जागोजागी नव्या गाठी धरतात. काही मोठ्या दवाखान्यांत आधी औषध देऊन, पुरत्या तयारीनिशी सुईने पाणी काढतात, ती गोष्ट वेगळी. बाकी कुणाला शस्त्रक्रिया लागते, कुणाला अल्बेंडाझोल कित्येक महिने घ्यावे लागते. मध्ये रक्त तपासावे लागते, आणि गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. जंताच्या एकदोन गोळ्यांनी गाठ जाईल ही आशा करू नका. काही गाठी आपोआप मरून चुनखडीसारख्या कठीण होतात, त्यांच्यावर नुसती नजर ठेवतात.

त्यासाठी जुने फोटो लागतात. गाठ वाढली की आटली हे मागचा फोटो शेजारी धरल्याशिवाय कसे कळणार? तेव्हा फोटो घडी घालून आढ्याला खोचू नका. पाकिटात सपाट ठेवा, वर तारीख लिहा, आणि दर खेपेला बरोबर न्या.

आता कुत्र्याचे. पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेलची गोळी वर्षातून किमान चार वेळा द्यावी. जत्रेला किंवा सणाला बकरे कापले तर पाणी भरलेली कलेजी-फुप्फुसे कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावी, नाहीतर जाळावी. खड्डा असा घ्यावा की रात्री कुत्री उकरून काढणार नाहीत. वर दगड ठेवला तर उत्तम.