पाळी आली म्हणजे काय काय करायचं
(स्वयंसेवक शिबिरातील बोलणे)



आता संघटनेची बैठक पाड्यापाड्यात पाळीने होणार. ज्या पाड्याची पाळी, तिथल्या दोन बाया आणि दोन बापे स्वयंसेवक. त्यांनी काय करावे, ते आज बोलू.

पहिली गोष्ट दिवसाची. बाजाराचा दिवस धरू नका. आवणीत आणि भातकापणीत बैठक नको. दिवस ठरला की घरोघर स्वतः जाऊन सांगा. पोराच्या हाती दिलेला निरोप वाटेतच राहतो. पाड्याच्या टोकाच्या घरी आधी जा, तेच घर नेहमी सुटते.

दुसरी जेवणाची. येणाऱ्याने आपले तांदूळ आणायचे, डाळ-मीठ-मिरची पाळीच्या पाड्याची. सावकाराकडून किंवा ठेकेदाराकडून पोते घ्यायचे नाही. आज त्याचे तांदूळ खाल्ले, तर उद्या बैठकीत त्याचं नाव कोण घेणार? उठायच्या आधी जमाखर्च मोठ्याने वाचा. दोन रुपये उरले तरी दोन रुपये सांगा.

तिसरी चुलीची. बाया चुलीशी आणि बापे मांडवात, असं चालणार नाय. दंड भरायला कोंबडी विकली कोणी? गार्ड आला तेव्हा शेतात उभी होती कोण? तिचं बोलणं चुलीपाशीच राहिलं तर आपला अर्धा पुरावा तिथेच राहिला. म्हणून रांधणं बैठकीच्या आधी उरका. पाणी, लाकडं, भांडी बाप्यांनी करायची.

1945 साली ठाणे जिल्ह्यात आपल्या वारली आजा-आजींनी जमीनदाराची वेठ मोडायला लढा उभा केला. वेठीला कोणी विचारून बोलवत नव्हतं. पाळी आपण बसून ठरवली आहे, म्हणून ती वेठ नाही. पण सगळं काम एकाच घरावर टाकलं, तर पाळीचीही वेठ होते.

चौथी गोष्ट कागदाची, आणि ती सगळ्यात जोखमीची. 1978 च्या डिसेंबरात सरकारने निर्णय काढला. 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1978 या काळातली जंगल जमिनीवरची अतिक्रमणे नियमात बसवून कसणाऱ्यांना द्यायची, असा तो निर्णय. 1980 साली वन संवर्धन कायदा आला आणि दिल्लीच्या मंजुरीची अट पडली. अशा वेळी त्या वर्षांतली दंडाची पावती मोलाची. ज्या कागदाने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तोच सांगतो की आपण तिथे कसत होतो.

म्हणून बैठकीत पावती आली की नंबर, तारीख, नाव वहीत लिहा आणि तिथल्या तिथे मालकाच्या हातात परत द्या. कोणाची पावती स्वयंसेवकाच्या घरी एक रात्रही राहू नये. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. लिहिलेलं आधी आपल्या बोलीत वाचून दाखवा, मग अंगठा. आम्ही पोरं बारावीपर्यंत शिकलो, वही आमच्या हाती आली. पण जमीन ओळखते ती म्हातारी माणसं. ती बोलत असताना आम्ही मध्ये तोंड घालायचं नाही.

पाचवी. जंगलखात्याचा माणूस किंवा पोलीस आला तर पाणी द्या. बैठक जमिनीच्या हक्काची आहे, हे सरळ सांगा. हजेरीची वही मात्र देऊ नका. नावं मागितली तर म्हणा, लेखी मागा, बैठकीत विचारून कळवू. दारू पिऊन कोणी आला तर भांडू नका, दोघांनी धरून घरी पोचवा. एकाची आरडाओरड झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या पाड्यावर दंग्याचा ठपका येतो.

शेवटचं. स्वयंसेवक म्हणजे पुढारी नाय. ठाऊक नसेल ते ‘विचारून सांगतो’ म्हणा, आणि खरंच विचारून सांगा. पुढची पाळी आली की नवे चौघे घ्या. असं करत करत पाड्यातल्या प्रत्येकाला बैठक चालवता आली पाहिजे. मग दोघांना उचलून नेलं तरी बैठक थांबणार नाही.

आता पहिली पाळी कोणत्या पाड्याची, ते ठरवूनच उठू.

जिंदाबाद!