माहिती तंत्रज्ञानाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम : शाखा कशी निवडावी?

(तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासाठी भरविलेल्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषणाचा मजकूर.)



संगणकाविषयी बोलण्यासाठी आपण मला उभे केले आहे, आणि मी तर कला शाखेचा पदवीधर. मराठी वाङ्मय हा माझा विषय. या यंत्राशी माझा परिचय झाला तो कचेरीच्या कामातून, आणि तोही बराचसा ठेचा खाऊन. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले याला एक कारण आहे. ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावी उत्तीर्ण. हातात एका खाजगी संस्थेचे माहितीपत्रक. त्यात एक वर्षाच्या प्रमाणपत्रासाठी पाचसहा विशेष शाखा छापलेल्या, आणि ‘सायबर सुरक्षा’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केलेला. “साहेब, ही लाइन बरी का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी घाईत होतो. मुलाशी एक शब्दही न बोलता, “उत्तम आहे, पुढे फार मागणी आहे,” असे सांगून मोकळा झालो. त्यांनी दुभती म्हैस विकून शुल्क भरले. चार महिन्यांनी मुलगा शिक्षण अर्धवट सोडून घरी परतला. वर्गात पहिल्या आठवड्यापासून जे बोलले जाई ते त्याला उमगत नव्हते. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला पत्ता असतो म्हणजे काय, हेच त्याला आधी कोणी शिकविले नव्हते. दोष संस्थेचा होताच. पण सरकारी खुर्चीवरून ‘उत्तम आहे’ म्हणणाऱ्याचाही होता. आपणां सर्वांनाच गावात हा प्रश्न विचारला जातो, म्हणून आज हे बोलणे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या राज्यात २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शासनाच्या अनेक पदांसाठी तो आवश्यक ठरला. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेचा ८० तासांचा सीसीसी हा अभ्यासक्रमही त्याच जातीचा. ही संगणकाची साक्षरता आहे. ती विशेष शाखा नव्हे. अक्षरओळख झाली म्हणून कोणी वकील होत नाही. तरी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र हाती आले की मुलाचे ‘कॉम्प्युटर झाले’ असे घरोघर म्हटले जाते, आणि मग एकदम वरच्या मजल्यावरच्या शाखेचा अर्ज भरला जातो.

मधला जिना ज्या अभ्यासक्रमांत आहे ते आपल्या शेजारीच आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक व आज्ञावली साहाय्यक हा व्यवसाय, दहावीनंतर एका वर्षाचा आहे. त्याची परीक्षा देशपातळीवर होते व राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. नायलिटच्या ‘ओ’ स्तराच्या सुधारित अभ्यासक्रमात चार विषय आहेत : संगणकाची साधने व जाळ्याची मूलतत्त्वे, संकेतस्थळाची रचना, पायथन भाषेतून आज्ञावली लेखन, आणि वस्तूंना इंटरनेटशी जोडण्याचे तंत्र. एका विद्यार्थ्याला चारही घरांत थोडे थोडे हिंडवून आणण्याची ही सोय आहे. माझ्या मते ज्याला आपली आवड ठाऊक नाही, आणि सतरा-अठराव्या वर्षी ती फारच थोड्यांना ठाऊक असते, त्याने आधी असा सर्वसाधारण अभ्यासक्रम करावा व शाखा नंतर निवडावी. एक वर्ष वाया जाते अशी पालकांची तक्रार असते. ते वाया जात नाही, एवढे मी म्हैस विकलेल्या त्या गृहस्थांच्या अनुभवावरून सांगू शकतो.

आता शाखांकडे वळू. शाखेचे नाव विचारू नये, त्या शाखेतील माणूस दिवसभर काय करतो ते विचारावे.

जाळे व यंत्रसामग्री ही शाखा घ्या. माहितीपत्रकात ती सर्वांत शेवटी आणि बारीक अक्षरांत असते. पण आपल्या गावातील स्थिती पाहा. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या तारेने जोडण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. अनेक कार्यालयांत तिची पेटी भिंतीवर आहे, आणि पुष्कळदा तिचे दिवे विझलेले असतात. कारण बहुधा किरकोळ असते. रस्त्याच्या खोदकामात केसासारखा काचेचा तंतू तुटलेला असतो, वीज गेल्यावर बॅटरीने दम तोडलेला असतो, किंवा वळवाच्या पहिल्या गडगडाटात स्विचचे चार पोर्ट जळलेले असतात. यांपैकी नेमके काय झाले हे सांगू शकणारा माणूस तालुक्याहून येईपर्यंत आठवडा जातो, आणि तोवर दाखल्यासाठी आलेली म्हातारी माणसे परत जातात. या शाखेतील माणूस हेच करतो : एका टोकापासून एकेक दुवा तपासत जातो आणि बिघाड कोठे आहे ते शोधून काढतो. ज्या मुलाने घरचा पाण्याचा पंप स्वतः उघडून पाहिला आहे, त्याला ही शाखा सुचवावी. मुलीनेही पंप उघडला असेल तर तिलाही. मुलींना ‘ऑफिसची’ शाखा आणि मुलांना ‘तारांची’ शाखा, ही वाटणी कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नाही. ती आपण घरी करतो.

दुसरी शाखा माहितीसंचाची, जिला डेटाबेस म्हणतात. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ही मला कचेरीने शिकविली. आमच्याकडील कित्येक वर्षांची प्रसिद्धिपत्रके जुन्या पद्धतीच्या मराठी टंकांत साठविलेली होती. त्या टंकांची गंमत अशी, की पडद्यावर दिसते मराठी अक्षर, पण यंत्राच्या पोटात साठते इंग्रजी अक्षराचा क्रमांक. तो टंक ज्या संगणकावर नाही तेथे ‘पाणीपुरवठा’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसे. शोध घ्यावा तर शब्द सापडत नसे. युनिकोड या जागतिक सांकेतिक पद्धतीत १९९१ पासून देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र जागा राखलेल्या आहेत. पण आमच्या फायली त्या पद्धतीत आल्या फार उशिरा. त्या यंत्राने रूपांतरित केल्या तेव्हा ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतील र बिघडला, रफार एका अक्षराने सरकला, काही जोडाक्षरे फुटली. हा गुंता सोडविला तो एका तरुण मुलीने. ती मराठी विषयाची पदवीधर. वर्षभराचे प्रमाणपत्र केलेली. कोणत्या चुका पुन्हा पुन्हा होतात याची तिने आधी वहीत यादी केली, मग पायथनमध्ये लहानशी आज्ञावली लिहिली, आणि तरीही शेकडो पाने स्वतः डोळ्यांखालून घातली. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ खुपते अशाच व्यक्तीच्या हातून होणारे हे काम होते. कला शाखेच्या मुलांना संगणकाचे दार बंद आहे असे मानणाऱ्या शिक्षकांनी याचा विचार करावा.

याच शाखेचे दुसरे उदाहरण आपल्या रोजच्या कामातले आहे. एकाच लाभार्थ्याचे नाव एका यादीत ‘दत्तात्रय’, दुसरीत ‘दत्तात्रेय’ आणि तिसरीत ‘दत्तू’ असे असते. ग्रामसेवकाला ठाऊक असते की माणूस एकच. यंत्र तीन मोजते. आधार पत्रावर चौथेच नाव असले की अनुदान अडते. मुख्याध्यापकांना मुलांच्या नोंदी भरताना हाच ताप होतो. याद्या जुळविणे, दुबार नोंदी ओळखणे, तक्ते आखणे हे डेटाबेसचे काम. ज्याला वही नीट ठेवण्याची सवय आहे, हिशेबात एक रुपयाचा फरक लागला तर झोप येत नाही, त्याचे येथे चांगले जमते. ही शाखा दिसायला रुक्ष आहे हे मी कबूल करतो.

आज्ञावली लेखनाविषयी गणिताची भीती फार घातली जाते. सुरुवातीला लागते ते गणितापेक्षा क्रमवार विचार करणे. आपण एक साधी परीक्षा घेऊ शकता. विद्यार्थ्याला सांगा, ग्रामपंचायतीतून एखादा दाखला कसा मिळतो ते कागदावर पायरीपायरीने लिही. अर्जदाराकडे एखादा कागद नसेल तर काय, कर थकला असेल तर काय, हेही लिही. जो हे लिहिताना रंगतो त्याला आज्ञावली शिकू द्यावी. जो दोन ओळींत कंटाळतो त्याला मोठ्या पगाराची आकडेवारी दाखवून तिकडे ढकलू नये. संकेतस्थळाची रचना ही तिची धाकटी बहीण. ती लवकर शिकता येते, केलेले काम लगेच दिसते, आणि म्हणूनच तेथे गर्दीही फार आहे.

एक शाखा माहितीपत्रकांत क्वचितच आढळते, ती नकाशांची : भौगोलिक माहिती प्रणाली. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची मोजणी ड्रोनद्वारे करण्यात आली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र याच विद्येचे काम करते. भूगोलाच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे.

आणि आता ती सायबर सुरक्षा. शाखा वाईट नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. या क्षेत्रात माणसे लागणारच. परंतु कुलूप दुरुस्त करण्यासाठी दार कसे बनते ते ठाऊक असावे लागते. जाळे आणि संगणकाची कार्यप्रणाली यांचा पाया नसलेल्याला येथे काहीही कळत नाही. शिवाय चित्रपटात दिसते तसे हे काम नाही. यंत्राने केलेल्या हजारो ओळींच्या नोंदी वाचून त्यांतली विसंगत ओळ शोधणे, असा पुष्कळसा दिवस जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने निघणाऱ्या सहा महिन्यांच्या वर्गांविषयीही हेच म्हणावे लागेल. त्यांत आज्ञावली आणि संख्याशास्त्र शिकवीत नसतील, तर पाटी तेवढी नवी आहे.

शुल्क भरण्यापूर्वी पालकांबरोबर आपल्यापैकी कोणी तरी संस्थेत प्रत्यक्ष जावे. प्रमाणपत्र नेमके कोण देते ते छापील स्वरूपात पाहावे. एका संगणकावर किती मुले बसतात ते मोजावे. तीन बसत असतील तर दोघे बघेच असतात. प्रात्यक्षिकाचे तास विचारावेत, मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का तेही विचारावे. आणि गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव मागून घेऊन त्याला भेटावे. जी संस्था असे नाव देत नाही तिच्या जाहिरातीवरील छायाचित्रांना मी तरी मान देणार नाही.

तो शेतकऱ्याचा मुलगा मागच्या महिन्यात पुन्हा आला होता. मधल्या काळात तो एका दुरुस्तीच्या दुकानात बसत होता, छपाईयंत्रे खोलून जोडत होता. या वेळी मी काम बाजूला ठेवले आणि तासभर त्याचे ऐकून घेतले. शाखा मात्र मी सांगितली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांकडे त्याला पाठविले, दोन दिवस प्रयोगशाळेत बसू द्या अशी विनंती केली, आणि तेथून परतल्यावर तो वडिलांना घेऊन यावयाचा आहे.

‘कोपा’ व ‘ओ’ स्तराच्या अभ्यासक्रमांच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्या प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने एकेक न्यावी, ही विनंती.