बघायला बंदी नाही, मग बघता काय?

(सुपा, ता. पारनेर येथे तरुण-तरुणी आणि पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी चहा घेताना दोन-तीन मुलींनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘मॅडम, चांगले पिक्चर कोणते, सांगता का?’ प्रश्न साधा होता, पण आवाज हळू का, हे माझ्या डोक्यात अडकलं. मला खरं म्हणजे शिक्षण आणि करिअर यावर बोलायचं होतं. ते आधीच्या वक्त्यांनी बोलून झालंय, आणि माझ्याहून चांगलं बोलून झालंय. म्हणून मी आज पिक्चरवर बोलते, आणि मोठ्याने बोलते.

सुरुवात जळगावपासून करू. १९८२ साली तिथल्या समाजातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं की मुस्लीम बायकांनी सिनेमाला जायचं नाही. पुरुषांना बंदी नाही हं, फक्त बायकांना! म्हणजे सिनेमा वाईट नव्हता, बघणारी वाईट होती. तेव्हा रझिया पटेल नावाची एक तरुण मुलगी, छात्र युवा संघर्ष वाहिनीची कार्यकर्ती, या बंदीविरुद्ध उभी राहिली. लोक म्हणाले, देशात एवढे प्रश्न असताना सिनेमासाठी कसलं आंदोलन? तिचं म्हणणं होतं की प्रश्न तिकिटाचा नाही, माझ्या वतीने कोण ठरवणार याचा आहे. धमक्या आल्या, बदनामी झाली. ‘चाहूल’ हे त्यांचं आत्मकथन. मिळवून वाचा. त्याच्या सोळा वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ला, हमीदभाई दलवाईंनी सात मुस्लीम बायकांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला होता, तोंडी तलाकच्या विरोधात. जळगावची ती मुलगी त्याच रस्त्याने चालत होती, असं मी मानते.

आता इथे बसलेल्या प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. बंदी घालायची म्हटली तरी कोण घालणार आणि कशी? पण खरं सांगा, काल रात्री काय बघितलं? अर्ध्या मिनिटाची रील, मग दुसरी, मग तिसरी. एकदा कव्वाली बघितली की फोन रोज कव्वालीच वाढतो. एकदा भांडणाचा व्हिडिओ बघितला की महिनाभर भांडणंच. आपल्याला वाटतं आपण निवडतोय. ताटात रोज एकच भाजी वाढली तर आपण घर डोक्यावर घेतो, इथे मात्र चालवून घेतो. म्हणून मी आज जी नावं सांगणार आहे ती मुद्दाम वेगवेगळ्या चवीची आहेत. काही जुनी, काही आपल्या जिल्ह्यातली, काही परदेशातली. सगळी आवडलीच पाहिजेत असं नाही.

पहिलं नाव ‘शेजारी’. १९४१चा, पुण्याच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांतारामांचा. प्रभातसाठी त्यांनी केलेला हा शेवटचा. हिंदीत तोच ‘पडोसी’ नावाने आला. एका गावात दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू आणि एक मिर्झा. बुद्धिबळ खेळणारे, एकमेकांशिवाय चहा न पिणारे असे. गावात धरण बांधायचंय, त्यासाठी जमिनी हव्यात, आणि गाव एकत्र आहे तोवर त्या मिळत नाहीत. मग धरणवाला काय करतो? या दोघांमध्ये फूट पाडतो.

सुप्यात उभं राहून हे सांगताना मला जास्त काही बोलावं लागत नाही. आपल्याकडे एमआयडीसी आली तेव्हा जमिनीचे भाव, हिस्से, सह्या यांवरून सख्ख्या भावांत काय झालं, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. मी कारखान्यांच्या विरोधात नाही. तिथेच आपली पोरं कामाला जातात, बिहार-यूपीची पोरं खोल्या घेऊन राहतात, कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. पण भांडण धर्माचं दिसतं आणि त्याच्या खाली सातबारा असतो, हे ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी मराठी पडद्यावर दाखवलेलं आहे. पाकिस्तानचा ठराव लाहोरला झाला १९४० साली, आणि पुढच्याच वर्षी हा पिक्चर आला. आणखी एक गंमत. हिंदी ‘पडोसी’त मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं आणि हिंदू ठाकूरचं काम मझहर खान यांनी. मुसलमानाचं काम हिंदूने, हिंदूचं मुसलमानाने. बघताना कुणी सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही.

शेवट सांगू का? नको. घरी बघा.

दुसरा ‘गर्म हवा’. एम. एस. सथ्यू यांचा, गोष्ट इस्मत चुगताईंची, लिहिलाय कैफी आझमी आणि शमा झैदींनी. दंगे होतील म्हणून सेन्सॉरमध्ये अडकला होता, १९७४ला लोकांसमोर आला, दंगा कुठेच झाला नाही, उलट राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. आग्र्याचे सलीम मिर्झा, जोड्यांचा कारखाना असलेले. फाळणी झालीय. भाऊ पाकिस्तानात निघून जातो, हवेली भावाच्या नावावर असल्यामुळे जप्त होते, बँक कर्ज देत नाही, भाड्याने घर मिळत नाही. नाव विचारलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. पुण्यात नोकरीसाठी खोली शोधलेली मुलं इथे असतील, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

पण मला त्यातली म्हातारी आई विसरता येत नाही. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती लाकडांच्या खोलीत लपून बसते. इथेच नवरी म्हणून आले, इथून जाणार नाही. शेवटी तिला जीव सोडण्यापुरतं पालखीत घालून परत त्या हवेलीत आणतात. राजकारणावर तिच्या तोंडी एक भाषण नाही. तरी ‘आम्ही इथलेच’ हे मोर्चात ओरडून जेवढं सांगता येत नाही तेवढं ती म्हातारी सांगून जाते. सलीम मिर्झाचं काम केलेले बलराज साहनी हा पिक्चर लागायच्या आधीच, एप्रिल १९७३मध्ये, गेले. आणि त्यात एक कोवळा पोरगा दिसेल, तो फारुख शेख, त्याचा पहिला पिक्चर.

आता जरा अवघड बोलते. आपल्याला वाटतं, पिक्चर आपल्या दुःखाचा असेल तर बघावा. बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या दुःखाचा कोण बघणार?

‘फँड्री’ किती जणांनी पाहिलाय? हात वर करा. ‘सैराट’ सगळ्यांनी, ‘फँड्री’ पाच-सहा जणांनी! अहो, ‘फँड्री’ची गोष्ट घडते आपल्या अकोळनेरला, इथून तासाभराच्या आत. नागराज मंजुळे शिकले नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात, त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग २०१३मध्ये हा. कैकाडी घरातला जब्या, त्याला वर्गातली मुलगी आवडते, आणि गाव त्याच्या घराला डुकरं पकडायचं काम सांगतं. मला ठाऊक आहे, आपल्यातल्या काहींनी डुक्कर दिसलं म्हणून चॅनल बदललं असेल. एका घरात मी स्वतः ऐकलंय, ‘कायकू देखते, छी!’ त्या घरातल्यांना मी नावं ठेवत नाही. पण जब्याच्या मागे गाव ज्या सुरात हसतं, त्याच सुरात कुठेतरी आपल्यामागेही कुणी हसतं. आणि आपल्या मोहल्ल्यातसुद्धा कुणाला कोणत्या बिरादरीवरून हिणवलं जातं, कुणाच्या घरी सोयरीक होत नाही, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. डुक्कर पकडायची धावपळ चालू असते, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि ते सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. तो प्रसंग बघून झाला की टीव्ही जरा वेळ बंद ठेवा.

आपल्याच जिल्ह्यातल्या भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’, २०१५चा. जमीन विकून केलेला पिक्चर. भटकणारं धनगर कुटुंब, आता कुठेतरी टेकावं असं वाटणारा धाकटा मुलगा, आणि आडवा येणारा गावपुढारी. तुमच्या शिवारात मेंढरं बसवणाऱ्यांशी तुम्ही कधी दोन वाक्यं बोलला आहात का, ते हा पिक्चर बघताना आठवा.

आणि आपल्या शेजारच्या जुन्नरचा ‘टिंग्या’, मंगेश हाडवळेंचा, २००८चा. लहान पोरगा, त्याचा बैल चितंग्या जखमी झालाय, कामाचा राहिला नाही, बाप कर्जात आहे आणि बैल कसायाला विकायला निघालाय. शेजारी रशिदा नावाची मुलगी, तिची म्हातारी आजी आजारी. पोरगा विचारतो, आजीला वाचवायला सगळे धडपडता, मग माझ्या बैलाला का नाही? इथे कुरेशी बिरादरीचे भाई बसले आहेत, त्यांनी हा पिक्चर नक्की बघावा. त्यात कसाई वाईट नाही, बाप वाईट नाही, पोरगा तर नाहीच. २०१५मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. आता त्या बापाने काय करायचं, हा प्रश्न ‘टिंग्या’ आला तेव्हा नव्हता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र बसून बघावा असा एक पिक्चर निवडायला सांगितला, तर मी हा निवडेन.

लहान मुलांसाठी इराणचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, माजिद मजिदींचा. बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात, घरात सांगायची सोय नाही, मग दोघं एकच जोडी आळीपाळीने घालून शाळेत जातात. एवढीच गोष्ट. आई-बाप गरीब आहेत, नमाजी आहेत, प्रेमळ आहेत. कुठे बॉम्ब नाही, बंदूक नाही. मुसलमान घर पडद्यावर असंही दिसतं, हे आपल्याच पोरांना बघू द्या.

मुलींसाठी सौदीचा ‘वाजदा’, २०१२चा. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला सायकल हवीय. मुली सायकल चालवत नाहीत, असं सगळे सांगतात. पैसे मिळावेत म्हणून ती कुराण पठणाच्या स्पर्धेत नाव देते. दिग्दर्शक हायफा अल-मन्सूर स्वतः बाई, रियाधच्या रस्त्यावर पुरुषांमध्ये उभं राहता येईना, म्हणून गाडीत बसून वॉकी-टॉकीवरून सूचना देत होत्या. तेव्हा सौदीत सिनेमागृहंच नव्हती, ती पुन्हा उघडली २०१८ला. सुप्यातल्या किती मुली सायकलवर शाळेत जातात, आणि कितवीनंतर त्यांची सायकल भावाकडे जाते?

कुणी म्हणेल, सिनेमा आपल्या बायकांचं काम नाही. त्यांना सांगा, या देशातली पहिली बाई दिग्दर्शक फातमा बेगम. १९२६ला ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. तिचीच मुलगी झुबेदा ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, नायिका. आणि कुणी म्हणेल, सिनेमा दीनच्या विरोधात आहे, तर मुस्तफा अक्कादचा ‘द मेसेज’ दाखवा. पैगंबरांचं चित्र नाही, आवाज नाही, तरी तीन तासांचा पिक्चर उभा केला माणसाने. २००५मध्ये अम्मानला अतिरेक्यांच्या बॉम्बस्फोटात तो आणि त्याची मुलगी मारली गेली. इस्लामवर एवढं केलेल्या माणसाला मारणारे स्वतःला कुणाचे सैनिक म्हणवत होते, ते वेगळं सांगत नाही.

हसायला काय? ‘बनवाबनवी’ सांगायला नको, तुम्हाला तोंडपाठ असेल. हैदराबादचा ‘द अंग्रेज’ बघा. आपल्या घरातल्या बोलीच्या जवळची दखनी त्यात आहे. हिंदी पिक्चरमध्ये ही बोली नोकराला किंवा विदूषकाला देतात, इथे महत्त्वाची पात्रं ती बोलतात, त्यामुळे हसणं बोलीवर होत नाही.

मुलं मला विचारतात, आपल्याला खलनायक करणारे पिक्चर येतात, त्यांचं काय करायचं? माझं मत असं. बघितल्याशिवाय शिव्या देऊ नका आणि बघून दगड उचलू नका. बघा, आणि लिहा. यात काय खोटं आहे, काय अर्धवट आहे, आणि हो, कुठे खरं असून आपल्याला झोंबतंय, तेही लिहा. ही सवय अवघड आहे, मलाही जमत नाही दरवेळी. ‘गर्म हवा’ आणि असा एखादा पिक्चर एकाच आठवड्यात बघितला, तर फरक कळायला मास्तर लागत नाही.

एक शेवटचं. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट आहे, २०१६चा, कान महोत्सवात गौरवलेला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर. त्यातला एक तंबूवाला मोहम्मद नावाचा आहे. हिंदू देवाची जत्रा, मुसलमान तंबूवाला, खडखडणारं मशीन, आणि आत अख्खं गाव जमिनीवर बसलेलं. तंबू जवळजवळ संपले, ते परत येणार नाहीत. पण एकत्र बसून बघणं आपल्याला जमू शकतं. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी, भिंतीवर पांढरी चादर किंवा साधा टीव्ही. अम्मी, खाला, आजी, शेजारच्या ताई, सगळ्यांना बोलवा. पुरुष आले तर चहा त्यांनी करायचा.

पहिला पिक्चर तुम्ही आत्ताच ठरवा, मी इथे आहे तोवर. मघाशी हळू बोलणाऱ्या मुली कुठे आहेत? ‘वाजदा’ म्हणता? ठीक. तो अरबीत आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. मग ज्यांना वाचता येत नाही त्या आज्यांच्या शेजारी बसून मराठीत सांगणार कोण? हात वर करा.