एस.टी.चा मालक कोण?



आजच्या विषयाचे नाव जड असले तरी तो आपल्या स्टँडावरचाच आहे. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत, पाच महिन्यांहून अधिक काळ, महाराष्ट्रातील एस.टी. संपामुळे ठप्प होती. त्या दिवसांत चहाच्या दुकानात दोनच मते ऐकू येत. कोणी म्हणे कामगार आडमुठे, कोणी म्हणे सरकार निर्दय. दोष देऊन मन हलके होते खरे, परंतु संप इतका का लांबला याचा उलगडा त्यातून होत नाही. मालक-कामगार संबंधांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांनी अशा तंट्यांविषयी काही उपपत्ती मांडल्या आहेत. त्या या संपाला लावून पाहाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम घडले काय ते आठवू. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण आरंभिले. महागाई भत्ता व घरभाडे भत्ता यांविषयीच्या मागण्या मान्य होताच समितीने ते मागे घेतले. रिवाजाप्रमाणे तंटा येथे मिटावयास हवा होता. पण आगारांतले कामगार उठले नाहीत. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही एकच मागणी धरून ते बसून राहिले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अडीचशे आगारांपैकी बहुतेक सारी बंद पडली. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना ती पाच हजार रुपये होती. काही जण कामावर आले, पुष्कळ आले नाहीत.

आता उपपत्तींकडे वळू. अ‍ॅलन फॉक्स या इंग्रज अभ्यासकाने १९६६ साली डोनोव्हन आयोगासाठी एक निबंध लिहिला. त्यात त्याने उद्योगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सांगितल्या. पहिली कुटुंबाची. सारे एका घरचे, कर्ता एक, तंटा करणारा तो घरभेद्या. ‘एस.टी. परिवार’ हा शब्द आपण कितीदा ऐकतो! मुक्कामाच्या गाडीतच रात्र काढणाऱ्या कंडक्टरला या परिवारात कोणते स्थान आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. दुसरी दृष्टी म्हणते की उद्योगात अनेक हितसंबंध असणारच. ते संघटनांच्या द्वारे टेबलावर मांडावेत आणि देवघेव करून मिटवावेत. आमचा कल या दुसऱ्या दृष्टीकडे आहे. पण प्रामाणिकपणे पाहिले तर या संपात तीही अपुरी पडते. तिचा सारा डोलारा दोन खांबांवर उभा आहे: कामगारांच्या वतीने बोलणारा कोणी असावा, आणि समोर देण्याची सत्ता असलेला कोणी असावा. येथे दोन्ही खांब हलले होते.

दुसरा खांब आधी पाहू, कारण रोगाचे मूळ तेथे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन डनलॉप याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात औद्योगिक संबंधांत तीन पात्रे मानली आहेत. कामगार, व्यवस्थापन आणि शासन ही ती तीन. त्यांच्या परस्पर व्यवहारांतून कामाचे नियम घडतात. आता आपली एस.टी. पाहा. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास पहिली गाडी निघाली तेव्हापासून ती सरकारच्या छायेत आहे. कागदोपत्री मालक महामंडळ. पण सवलती सरकार जाहीर करणार, प्रवासी कर सरकार घेणार, तोट्याची गाडी वाडीवस्तीवर जावी ही अपेक्षा सरकारची, आणि पगार रखडला की पैसाही सरकारनेच द्यावयाचा. म्हणजे डनलॉपचे तिसरे पात्र दुसऱ्याच्या खुर्चीत बसले आहे, आणि जबाबदारीची वेळ आली की उठून उभे राहते! कामगाराने हे पुस्तक वाचून ओळखले नाही. कोरोनाच्या काळात पगार थकले तेव्हा ते त्याला कळले. विलीनीकरणाची मागणी पुष्कळांना अवाजवी वाटली. व्यवहार म्हणून ती कठीण होतीच. पण तिचा अर्थ सरळ आहे: जो खरोखर मालक आहे त्याने मालक म्हणून सही करावी.

यात तुलनेचाही भाग आहे. रन्सिमन या समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दाखविले की माणसाचे असमाधान त्याच्या मिळकतीपेक्षा तो स्वतःला कोणाशी ताडून पाहतो यावर ठरते. खाजगी गाडीच्या चालकाशी आपला चालक स्वतःला ताडीत नाही. त्याच गावातल्या सरकारी कचेरीतील सातवा वेतन आयोग मिळालेल्या कारकुनाशी ताडतो. मार्क्सच्या परंपरेतले लेखक याच्याही पुढे जाऊन म्हणतील की श्रम आणि सत्ता यांचा झगडा कोणत्याही करारात मिटत नाही. असेल, पण मालकीचा निव्वळ शिक्का बदलून हा झगडा कसा मिटेल, याचे उत्तर त्यांनाही द्यावे लागेल.

राहिला पहिला खांब. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेलाच वाटाघाटीचा अधिकार दिला. हेतू चांगला होता, दहा तोंडांनी बोलणी होऊ नयेत. पण मान्यता कागदावर असते आणि विश्वास आगारात. संघटनेने केलेला समझोता कामगारांनी धुडकावला तेव्हा सरकारपुढे बोलावयास कोणी उरले नाही, आणि तंटा न्यायालयात गेला. त्रिसदस्य समितीने विलीनीकरण अव्यवहार्य ठरविले. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. संप मिटला, प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

याची साक्ष पुढे मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, पुन्हा संप झाला. या वेळी संघटना पुढे होत्या आणि दोन दिवसांत साडेसहा हजारांच्या वाढीवर तडजोड झाली. ती जाहीर केली मुख्यमंत्र्यांनी.

या साऱ्या उपपत्तींत एका माणसाला जागा नाही. तो म्हणजे संपाच्या काळात वडापच्या जीपला लोंबकळत शाळेत जाणारी मुलगी आणि तिकिटाला दुप्पट पैसे मोजणारी तिची आई. टेबलावर तिची खुर्ची कोठे मांडावयाची, हे फॉक्सने सांगितलेले नाही आणि डनलॉपनेही नाही. सभा संपल्यावर आपल्यापैकी पुष्कळजण रात्रीची शेवटची एस.टी. गाठणार आहेत. कंडक्टरला सवड असली तर त्यालाही हे विचारून पाहावे.